हेगच्या कॉरिडॉरमधले दहा दिवस

२ डिसेंबर २०२४ ची सकाळ होती. नेदरलँड्समधल्या हेग शहरातील वर्ल्ड फोरम या परिषद केंद्राच्या दारात सुरक्षा तपासणीची रांग लागली होती. माझ्या पुढच्या गृहस्थांनी मागे वळून विचारले, "आपण राष्ट्राच्या प्रतिनिधी की संस्थेच्या?" नाव त्यांनी त्यानंतर विचारले. पुढे अनेक वेळा हाच प्रश्न कानावर आला आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्याची नजर कधी स्थिरावत, कधी खांद्यावरून पलीकडे सरकत असल्याचे दिसत राहिले.

निमित्त होते नरसंहार, युद्धगुन्हे यांसारख्या गुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सदस्य राष्ट्रांच्या सभेचे तेविसावे अधिवेशन. १७ जुलै १९९८ रोजी स्वीकारलेली आणि १ जुलै २००२ पासून अमलात आलेली रोम संविधी (आंतरराष्ट्रीय करार) हा या न्यायालयाचा पाया असून मी गेले तेव्हा तिचे १२४ सदस्य होते. युक्रेन महिन्याभरात १२५ वा सदस्य होणार होता. अंदाजपत्रक मंजूर करणे, न्यायाधीश व अभियोक्ता (आरोपीविरुद्ध खटला चालवणारा अधिकारी) निवडणे ही या सभेची कामे. स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाचा समन्वय १९९५ मध्ये स्थापन झालेली संस्थांची एक जागतिक आघाडी पाहते आणि मी त्यांपैकीच एका छोट्या संस्थेच्या वतीने गेले होते. व्यवसायाने मी सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवणारी वकील. मोठ्या व्यासपीठांची सवय नाही. व्हिसाचे सोपस्कार वेळेत पार पडले, हे माझे नशीब. ज्या आफ्रिकी वकील मैत्रिणीबरोबर एका चर्चासत्रात बोलायचे ठरले होते, तिचा व्हिसा शेवटपर्यंत आला नाही आणि तिचे टिपण मलाच वाचून दाखवावे लागले. ज्यांच्या देशांतील गुन्ह्यांवर सर्वाधिक चर्चा होते, त्यांनाच सभागृहापर्यंत पोहोचणे सर्वांत अवघड जाते, याची त्या टिपणाइतकी ठळक खूण मला दुसरी मिळाली नाही.

वर्ल्ड फोरमच्या शेजारीच पूर्वी एका विमा कंपनीची असलेली जुनी इमारत आहे. माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीचे न्यायाधिकरण २०१७ अखेर बंद होईपर्यंत तिथेच काम करत होते आणि आता त्याचे उर्वरित काम पाहणारी यंत्रणा तिथे आहे. चहापानाच्या सुट्टीत मी त्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिले. या क्षेत्रातील आजच्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जण तिथेच घडले आणि त्यांच्या ओळखींची मुळे अजूनही त्या जुन्या खटल्यांत आहेत. "आम्ही एकाच खटल्यात होतो" हे वाक्य इथे "आम्ही एका वर्गात होतो" यासारखे उच्चारले जाते. फक्त तो खटला हत्याकांडाचा असतो.

उद्घाटनाच्या दिवशी न्यायालयाच्या अध्यक्ष न्यायाधीश तोमोको आकाने बोलल्या. अधिवेशनाचे दिवसच नव्हे, तर पुढचे कित्येक महिने पुरेल इतका ताण त्या भाषणात होता. २१ नोव्हेंबरला इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध आणि माजी संरक्षणमंत्र्यांविरुद्ध अटक वॉरंट निघाल्यामुळे निर्बंधांच्या धमक्या सुरू झाल्या होत्या. न्यायालय जणू एखादी दहशतवादी संघटना असावी अशा थाटात त्याच्यावर आर्थिक निर्बंध घालण्याची भाषा होत आहे, असे त्या म्हणाल्या. सभागृह शांत झाले. त्या शांततेनंतर बाहेर पडताच लोक पुन्हा एकमेकांची व्हिजिटिंग कार्डे मागू लागले आणि मला प्रथमच त्या गजबजाटाचा थोडा संकोच वाटला.

खरे काम मुख्य सभागृहाबाहेर चालते. दुपारच्या सुट्टीत आणि अधूनमधून सकाळ-संध्याकाळीही छोट्या खोल्यांत साइड इव्हेंट भरतात. एखादे सदस्य राष्ट्र आणि एखादी संस्था मिळून ते आयोजित करतात. पाच वक्ते, ऐंशी मिनिटे आणि प्रश्नांसाठी उरलेली दहा, असा त्यांचा साचा ठरलेला. ओळख करून घेण्याची घाई असणारे पहिल्या रांगेत बसतात, भाषण संपण्याआधीच उठतात आणि वक्ता व्यासपीठावरून उतरताच त्याला गाठतात. पहिल्या दिवशी मीही तेच केले. चौदा कार्डे जमली आणि संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत ती पलंगावर मांडून पाहिली, तेव्हा त्यांतील निम्म्या माणसांचे चेहरेही आठवेनात.

तिसऱ्या दिवशी, साक्षीदारांच्या पूर्वी नोंदवलेल्या जबाबांवरील चर्चेत, मी एक साधा प्रश्न विचारला. न्यायालयाच्या कार्यपद्धती व पुराव्याच्या नियमांतील नियम ६८ नुसार ठरावीक परिस्थितीत साक्षीदार हजर नसतानाही त्याचा आधीचा जबाब पुरावा म्हणून घेता येतो. मग उलटतपासणी झालेलीच नाही अशा जबाबाचे वजन कसे ठरवायचे, आणि आरोपीच्या कृत्यांविषयीचा जबाब असेल तर काय? हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न होता. आमच्या सत्र न्यायालयात मृत्यूपूर्व जबाबांवर वाद घालताना मी तो असंख्य वेळा हाताळला आहे. उत्तर समाधानकारक मिळाले नाही. पण चर्चा संपल्यावर बचाव पक्षाचे दोन वकील आपणहून माझ्याकडे आले आणि आम्ही पाऊण तास भिंतीला टेकून बोलत राहिलो. त्यांनीच मला सांगितले की न्यायालयाच्या वकिलांच्या यादीत नाव नोंदवायला किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व लागते, आणि २०१६ मध्ये स्थापन झालेल्या वकिलांच्या संघटनेची प्रशिक्षणे नव्या माणसाला बरीच उपयोगी पडतात. त्या दोघांशी माझा पत्रव्यवहार आजही चालू आहे. चौदा कार्डांपैकी एकाही माणसाशी नाही.

एका मेजावर मला विचारले गेले की भारत सदस्य का नाही. १९९८ मध्ये रोममध्ये संविधीवर १२० विरुद्ध ७ असे मतदान झाले, तेव्हा तटस्थ राहिलेल्या २१ देशांत भारत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत अण्वस्त्रे नसणे, हे आक्षेप त्या वेळी मांडले गेले होते. उत्तर देताना मी देशाची बाजू मांडते आहे की माझी, हे मलाच नीट कळत नव्हते. मग कोणीतरी दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातील न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे नाव काढले. १९४८ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या त्या पीठावर त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत दिले. पाल यांचे कौतुक करणारे बहुतेक जण हे विसरतात की जपानी सैन्याने अत्याचार केलेच नाहीत असे पाल यांनी कुठेही म्हटले नाही. मेजावरही ते कोणाला माहीत नव्हते.

विद्यार्थ्यांची गर्दी बरीच होती. त्यांची तारांबळ पाहताना वाईट वाटे. प्रवेशाची रूढ वाट इंटर्नशिपची, त्यातील बऱ्याच जागा विनावेतन, आणि हेगमधील महिने स्वतःच्या खर्चाने काढायचे. लायडन विद्यापीठाच्या ग्रोशियस केंद्राच्या अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट) स्पर्धेतून आलेली मुले आपापसांत एकमेकांना ओळखत होती. बाकीची कोपऱ्यात मोबाइल पाहत उभी राहत.

अधिवेशन ७ डिसेंबरला संपले. मी तिकीट पुढचे घेतले होते, कारण ११ तारखेला सुदानमधल्या दारफूर प्रकरणातील अली मुहम्मद अली अब्द-अल-रहमान यांच्याविरुद्धच्या खटल्यातील अंतिम युक्तिवाद सुरू होणार होते. वाळूच्या टेकड्यांना लागून असलेल्या न्यायालयाच्या इमारतीत सामान्य माणसालाही ओळखपत्र दाखवून प्रेक्षागृहात बसता येते. समोर काचेची भिंत, कानाला हेडफोन. सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये सोपवलेल्या प्रकरणातून सुनावणीपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच खटला. आरोप ३१, बिंदिसी, मुकजार, डेलेग अशी गावांची नावे.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक सुदानी गृहस्थ बसले होते. आठवडाभराच्या सवयीने मी कार्ड पुढे केले. त्यांनी ते घेतले, उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूला, काचेपलीकडे अभियोक्ता ज्या ज्या गावाचे नाव उच्चारीत होते ते ते अरबी लिपीत लिहीत गेले. मध्यंतरात त्यांनी मला विचारले की ज्या साक्षीदाराचा जबाब नियम ६८ नुसार लेखी दाखल झाला, त्याला उलटतपासणीला यायचे होते तरी ते जमले नाही, तर त्याच्या शब्दांना किंमत राहते का. मी होय म्हटले, आणि लगेच, किती ते न्यायाधीश ठरवतील, असेही जोडले. त्यांनी कार्ड खिशात ठेवले आणि आम्ही पुन्हा हेडफोन चढवले.