विधवांची घरं आणि मंदिराचे दगड

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत सध्या एकाच विषयावर बोलणं चालतं. जिन्यात, गच्चीवर, सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की समोरच्या दारातही तेच: कार्पेट एरिया किती टक्के जादा मिळणार, भाडं किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, ताबा कधी. इमारत १९८० च्या आसपासची. गच्चीच्या स्लॅबमधून सळ्या दिसायला लागल्या आहेत आणि महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत आम्ही आहोत. रिडेव्हलपमेंट करावीच लागणार, त्याबद्दल माझं दुमत नाही. नवा नकाशा मलाही आवडला. स्वयंपाकघराला खिडकी आहे.

मी ख्रिस्ती घरातली, मूळची नगरकडची. आयुष्यभर बँकेत कॅशवर बसले आणि निवृत्तीनंतर आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, खजिनदारपद माझ्याकडे आलं. आकड्यांशी माझं चांगलं जमतं. म्हणूनच तरुण संघातल्या मुलांनी मला प्रश्न विचारला तेव्हा तो मला मनापासून आवडला. प्रश्न असा: बायबलमध्ये प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो की वरील गोष्टींकडे मन लावा, पृथ्वीवरील गोष्टींकडे लावू नका. आम्ही घोडबंदर रोडला वीस वर्षांचं कर्ज घेतलंय. मग हप्ते भरायचे की वर बघायचं?

पाळकसाहेबांनी त्यांना त्यांच्या परीनं उत्तर दिलं, चांगलं दिलं. माझ्या मनात मात्र तेव्हापासून मार्कच्या शुभवर्तमानातला एक भाग घोळतोय. बाराव्या अध्यायाचा शेवट आणि तेराव्याची सुरुवात. आपण हे दोन वेगवेगळ्या रविवारी वाचतो, त्यामुळे त्यातला धागा हातातून निसटतो. अध्यायांचे आकडे मार्कनं घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकात घातले गेले. आकडे बाजूला ठेवून सलग वाचा.

येशू यरुशलेमच्या मंदिरात आहे. आधी तो शास्त्र्यांबद्दल, म्हणजे यहूदी नियमशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल, बोलतो: लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे, मेजवानीत मानाची जागा धरणारे, आणि विधवांची घरं गिळंकृत करणारे. लगेच पुढे तो दानपेटीसमोर बसतो आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात. मग एक गरीब विधवा येऊन दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, टाकते. तो शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की सगळ्यांपेक्षा हिनं अधिक टाकलं, कारण बाकीच्यांनी भरलेल्यातून दिलं आणि हिनं होतं नव्हतं ते दिलं. ते तिथून बाहेर पडतात तर एक शिष्य म्हणतो, गुरुजी, पाहा तरी, केवढे हे दगड, केवढ्या या इमारती!

आत्ताच तर त्याला विधवा दाखवली होती.

दर रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघं जण दानाची मोजदाद करतो. नोटा सरळ करायच्या, गड्ड्या लावायच्या, नाणी वेगळी काढायची, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, दोघांनी सही करायची. बारीक घडी घातलेली दहाची नोट असते, ती उलगडायला वेळ लागतो. पाकिटं असतात, काहींवर नाव, काहींवर नुसतं ‘उपकारस्तुती’. पेटीत किती आलं ते मला पैशापर्यंत सांगता येतं. देणाऱ्याच्या घरी मागे किती उरलं ते कुठल्याही रजिस्टरमध्ये येत नाही. येशूनं त्या दिवशी नेमकं तेच मोजलं. त्याच्या हिशेबात रक्कम सगळ्यांच्या नंतर आली. न दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी स्वर्गदूतांपासून सुरुवात करत नाही, इथून करते. त्या बाईच्या घरातला रिकामा डबा मंदिरात कुणालाही दिसत नव्हता, पण तो खरा होता आणि देवाला दिसत होता.

आता ते दगड. शिष्याचंही काही चूक नव्हतं, डोळे दिपावेत असंच ते काम होतं. हेरोद राजानं जुन्या मंदिराची पुनर्बांधणी काढली होती. योहानाच्या शुभवर्तमानात यहूदी लोक येशूला म्हणतात की हे मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली. त्यानंतरही काम चालूच राहिलं. येशूनं शिष्याला एवढंच सांगितलं की इथं दगडावर दगड राहणार नाही. इ. स. ७० मध्ये तीताच्या रोमी सैन्यानं यरुशलेम घेतलं आणि मंदिर जळालं. आज यहूदी लोक जिथं प्रार्थना करतात ती पश्चिमेची भिंत मंदिराची नाही, मंदिराच्या चौथऱ्याला आधार देणारी ती भिंत होती. त्या विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट मात्र आमची संडेस्कूलची पोरंसुद्धा सांगतात.

आपल्या ठाण्याचंच पाहा ना. १३२१ साली संत फ्रान्सिसच्या संघाचे चार फ्रान्सिस्कन संन्यासी इथं ख्रिस्तासाठी मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस त्यांच्यातला एक. तेव्हाचं ठाणं मोठं बंदर. काही वर्षांनी ओदोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा एक संन्यासी त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, मग तो इंग्रजांकडे गेला, आणि आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली रेल्वे इथं आली. तलावपाळीवर संध्याकाळी भेळ खाणाऱ्या गर्दीतून जाताना मला वाटतं, त्या चौघांच्या डोळ्यांसमोर जे ठाणं होतं त्यातलं आता काय उरलंय? आणि ज्याच्यासाठी त्यांनी जीव दिला तो आजही आमच्या उपासनेत हजर असतो.

पौलाला या सगळ्याची चांगली जाण होती. त्याचा धंदा तंबू करण्याचा. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तेच काम करत होता, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात तसं लिहिलंय. हे जोडपंसुद्धा विस्थापित. क्लौद्य बादशहानं यहूद्यांना रोममधून घालवलं तेव्हा त्यांना रोम सोडावं लागलं होतं. त्याच करिंथच्या लोकांना पौल लिहितो की आम्ही दिसणाऱ्या गोष्टींवर नजर ठेवत नाही, न दिसणाऱ्यांवर ठेवतो, दिसणाऱ्या क्षणिक आहेत आणि न दिसणाऱ्या सार्वकालिक. आणि लगेच पुढे, आपलं पृथ्वीवरचं हे तंबूचं घर मोडलं तरी देवानं दिलेली इमारत आपल्यासाठी आहे, हातांनी न बांधलेली. ज्या हातांनी तंबू शिवले त्याच माणसानं हे लिहिलं. तंबू चांगला शिवायचा असतो, कारण त्यात माणूस झोपणार असतो. आणि एक दिवस तो उतरवायचाही असतो, हेही शिवणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर फार मोठं काही नाही. सकाळी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडण्याआधी मी बायबल उघडते. वाचन झालं की इमारतीतल्या घरांसाठी प्रार्थना करते, तळमजल्यापासून वर, एकेका दाराचं नाव घेऊन. सगळे काही ख्रिस्ती नाहीत, बहुतेक नाहीतच. पण असं दारोदार मनानं थांबत गेलं की कोण सभेला येत नाही, कोणाच्या घरात हल्ली दिवा लवकर जातो, हे आपोआप लक्षात यायला लागतं. ग्रुपवर यातलं काही येत नाही. तिथं फक्त चौरस फूट.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अशाच माझ्या ध्यानात आल्या. यजमान गेले, मूलबाळ नाही. फ्लॅट अजून यजमानांच्या नावावर, आणि नॉमिनी म्हणून दिरांचं नाव, लग्नाआधी कधीतरी लिहिलेलं. सभेत कोणीतरी सहज बोलून गेलं की करारावर दिरांचीच सही घेऊ, सोपं पडेल. वहिनी घरात डाळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “मला कोण विचारतंय, ताई.” नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, एवढाच त्याचा अधिकार. हे मी पुढच्या सभेत उभी राहून सांगितलं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. सेक्रेटरी म्हणाले, प्रोजेक्ट रखडेल. मी म्हटलं, रखडू दे थोडा.

आमचा मुलगा त्या दिवशी आला होता. जेवताना म्हणाला, “आई, तू चर्चमध्ये पोरांना सांगतेस की घर म्हणजे तंबू. आणि सभेत सगळ्यांत जास्त तूच भांडतेस.” त्यानं मनापासून विचारलं होतं. मी त्याला मार्कचा तोच भाग वाचून दाखवला, पण एक ओवी आधीपासून, शास्त्र्यांपासून. सगळं मंदिर पडणार हे येशूला माहीत होतं, तरी त्यातल्या त्यात विधवांच्या घरांबद्दल तो गप्प बसला नाही. घर क्षणिक आहे म्हणून ज्याला त्याला गिळू द्या, असं त्याच्या तोंडून कुठंही येत नाही. मुलानं वचन मोबाइलवर पुन्हा काढून वाचलं. मग म्हणाला, वकिलांची फी मी देतो.

सोमवारी वहिनींना घेऊन वकिलांकडे जायचंय, वारस दाखल्याच्या अर्जासाठी. लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, जुनी लाइट बिलं असं सगळं फाइलला लावलंय. मूळ शेअर सर्टिफिकेट तेवढं अजून सापडत नाहीये. उद्या दुपारी दोघी मिळून त्यांच्या यजमानांचं कपाट उघडणार आहोत.