तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सोडताना काय काय बघायचं?

ठाण्याला 10 नंबरवर पनवेल लोकलची वाट बघताना सोबतच्या मुली हमखास विचारतात, ताई ऑफर आलीय, राजीनामा टाकू का? ऑफर लेटर हातात येईपर्यंत नाही, फोनवर 'डन समजा' म्हणाले तरी नाही, एवढंच माझं उत्तर. मला जास्त बोलायचं असतं ते नोटीस पिरियडबद्दल, म्हणजे राजीनाम्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतच्या काळाबद्दल, कारण तिथे मी स्वतः चुकलेय.

पहिली नोकरी महापेला, अकाउंट्समध्ये, 3 वर्षं. शेवटच्या दिवशी केक कापला, लॅपटॉप जमा केला आणि घरी आल्यावर लक्षात आलं की सॅलरी स्लिपा सगळ्या कंपनीच्या पोर्टलवर आणि लॉगिन बंद. नव्या ठिकाणी 3 महिन्यांच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र, हवं होतं, मग दीड महिना जुन्या एचआरला फोन करत बसले. म्हणून सांगते, राजीनामा दिला त्याच आठवड्यात स्लिपा, मागच्या वर्षांचे फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) स्वतःकडे घ्या, आपलेच कागद हं, कंपनीची एकही फाइल नको. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरला, स्वतःचाच मोबाइल नंबर आहे ना तेही बघा.

त्याच गडबडीत मी पीएफ काढला, स्कूटर घ्यायची होती. सलग 5 वर्षं झाली नव्हती म्हणून त्यावर टॅक्स लागला, आणि पीएफसोबतच्या पेन्शनचेही पैसे काढल्यामुळे ती 3 वर्षं मोजणीतून गेली, महिन्याच्या पेन्शनला 10 वर्षं लागतात. कृपा करून नव्या नोकरीच्या खात्यात ट्रान्सफर करा, काढू नका. ग्रॅच्युइटीला, म्हणजे सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, कायमच्या नोकरीत 5 वर्षं लागतात, दुसऱ्या नोकरीत माझे 2 महिने कमी पडत होते, नव्या कंपनीला सरळ सांगितलं, ते थांबले. आणि कंपनीचा मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी संपतो, आईबाबा त्यात असतील तर मधल्या दिवसांची सोय आधी करा.

हँडओव्हर मात्र मनापासून द्या, शेवटचे 2 आठवडे त्यालाच ठेवा. दुसऱ्या नोकरीतून निघताना मी वहीभर लिहून दिलं होतं, महिन्याच्या हिशेबाचं क्लोजिंग कुठून सुरू करायचं, कुठल्या व्हेंडरचं बिल दर महिन्याला अडकतं आणि कोणाला फोन केला की सुटतं, 20 तारखेच्या आत जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायला डेटा कधी मागायचा. माझ्या जागी आलेली मुलगी अगदी नवी होती, रडवेली व्हायची. मी ऐरोलीला जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात 19 तारखेला रात्री तिचा मेसेज आला, ताई, भरलं.