शिवमंदिरातलं पाणी: गळतीपासून गोमुखापर्यंत

नवं शिवमंदिर बांधायचं असो, जुन्याचा जीर्णोद्धार असो की नुसती रोजची पूजा नीट चालवायची असो, आधी पाण्याची वाट बघावी. कळस, महिरप, रंगरंगोटी नंतर. पिंडीवर पडलेला थेंब शाळुंकेवरून, म्हणजे पिंडीच्या दगडी बैठकीवरून, पन्हळीत आणि पन्हळीतून भिंतीपलीकडच्या गोमुखापर्यंत, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडापर्यंत, कुठेही न अडखळता गेला पाहिजे. ही वाट तुंबली की पूजेचा खोळंबा होतो आणि दगडाचं नुकसान होतं.

मंदिर पूर्वाभिमुख किंवा पश्चिमाभिमुख असेल तर शाळुंकेची पन्हळ उत्तरेला काढतात. सोमसूत्री प्रदक्षिणा हिच्याशीच बांधलेली आहे. पूर्वाभिमुख मंदिरात नंदीपासून निघायचं, देव उजव्या हाताला ठेवून दक्षिण, पश्चिम करत उत्तरेच्या पन्हळीपर्यंत यायचं. पन्हळ ओलांडायची नाही. तिथून आल्या वाटेने मागे फिरून, नंदीवरून पुढे जाऊन पन्हळीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत जायचं आणि परत नंदीपाशी यायचं. ही एक प्रदक्षिणा. पन्हळ फरशीखालून झाकून नेलेली असेल तर पूर्ण फेरी चालते, असा प्रघात आहे. पण केवळ गर्दीच्या सोयीसाठी उघडी पन्हळ सिमेंटने बंद करू नये. एकदा झाकली की ती साफ करणं अवघड होतं.

शाळुंकेचा आणि गाभाऱ्याच्या फरशीचा उतार मीटरला एक ते दीड सेंटीमीटर तरी हवा. सर्वाधिक चूक होते ती गोमुखाशी. गोमुख भिंतीबाहेर वीतभर तरी पुढे यायला हवं आणि त्याच्या ओठाच्या खालच्या बाजूला आडवी खाच हवी. खाच नसेल तर पाणी सुटून खाली पडत नाही. दगडाला धरून मागे वळतं, भिंतीवरून जोत्यावर उतरतं. मग शेवाळ येतं, सांध्यातला चुना धुऊन जातो. तपासायची रीत सोपी: एक कळशी पाणी शाळुंकेवर ओतायचं आणि बाहेर गोमुखाशी उभं राहून बघायचं. धार जोत्यापासून दूर पडली, तर काम बरोबर आहे.

आता वरचं टोक, म्हणजे गळती: पिंडीवर टांगलेलं, बुडाला छिद्र असलेलं पाण्याचं पात्र. छिद्रात दर्भ किंवा सुती दोरा ओवतात, त्यामुळे धार एका रेषेत, नेमकी पिंडीच्या माथ्यावर येते. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब धरला तर तासाला १८० मिलिलिटर, म्हणजे दिवसभरात सव्वाचार लिटरांच्या आसपास. एवढ्या पाण्यावर अखंड अभिषेक चालतो. बादल्या लागत नाहीत. धार मध्येच थांबते ती बहुतेक वेळा छिद्रात क्षार साचल्यामुळे. चिंचेच्या कोळाने पात्र घासून दोरा बदलला की पुन्हा सुरू होते.

गळतीत पाणीच घालावं. तांब्याच्या भांड्यात दूध-दही ठेवू नये, आंबटाने तांबं उतरतं. पंचामृतासाठी चांदीचं, स्टीलचं किंवा कल्हई केलेलं भांडं घ्यावं. क्रम दूध, दही, तूप, मध, साखर, आणि प्रत्येकानंतर शुद्धोदक, म्हणजे स्वच्छ पाणी. रोजच्या पूजेला प्रत्येक पदार्थ एक-दोन पळ्या पुरतो. मधल्या शुद्धोदकाला शास्त्र आहे तसा व्यवहारही आहे. ते घाईत गाळलं की तूप पन्हळीत थिजतं, त्यावर साखर आणि भस्म बसतं, वरून बेलाची पानं अडकतात आणि दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यात आंबूस वास येतो. तुंबलेल्या पन्हळीत आधी कोमट पाणी सोडावं, मग बांबूच्या कामटीने मोकळी करावी. लोखंडी सळई नको, साबणही नको, आणि आम्ल तर मुळीच नको.

अभिषेकाच्या प्रमाणाचा प्रश्न किती गंभीर आहे, हे उज्जैनच्या महाकालेश्वरावरून कळतं. लिंगाची झीज होते म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ साली दर भाविकामागे अर्धा लिटर शुद्ध केलेलं पाणी आणि सव्वा लिटर दूध किंवा पंचामृत अशी मर्यादा मान्य झाली; २०२० मध्ये भाविकांनी लिंग घासण्यावरही बंदी आली. याने भक्ती कमी होते असं मानायचं कारण नाही. गावच्या देवळातही गुरवांच्या हाती असा नियम असावा आणि विश्वस्तांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं.

जीर्णोद्धारात गाभाऱ्याला ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल लावायचा मोह आवरा. काळ्या पाषाणाच्या भिंतीत मुरलेली ओल मुख्यतः चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. सांधे सिमेंटने भरले की तिची वाट बंद होते, क्षार दगडातच साचतात आणि पापुद्रे सुटतात. तैलरंगानेही तेच होतं. दरजा चुन्यानेच भराव्यात. काम सावकाश होतं, पण टिकतं.

बेल पालथा वाहतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. निर्माल्य मात्र पाण्याबरोबर वाहून जाईल असं धरलं जातं. ते अभिषेकाआधी हाताने उचलून वेगळ्या टोपलीत काढावं, आणि पन्हळीच्या तोंडाशी तांब्याची काढता येणारी जाळी ठेवावी. गोमुखाखाली दगडी कुंडी असेल तर ती रोज उपसावी. त्यातलं नुसतं पाणी बेलाच्या झाडाला घालता येतं. दूध-तुपाचं मात्र मुळाशी ओतू नये, माती चिकट होते आणि मुंग्या लागतात.