जुन्नरच्या लेण्यांमधून नाणेघाटापर्यंत: धावण्याची नोंद

उन्हाळा तापायच्या आत जुन्नरभोवतीचे सगळे मार्ग एकत्र लिहून ठेवतोय. मागच्या नोंदीत फक्त शिवनेरी होता. त्यानंतर लेण्याद्री, मानमोडी, तुळजा असे तुकडे जोडत गेलो आणि आता आपटाळे-चावंडवरून नाणेघाटापर्यंतचा, म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेपर्यंतचा, लाँग रनही झाला.

आधी मुद्द्याचं. जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त लेणी आहेत. ती बहुतेक डोंगराच्या पायथ्याला नाहीत आणि माथ्यावरही नाहीत. मुरमाचा चढ संपून कातळ उभा राहतो त्या पट्ट्यात ती खोदलेली आहेत. धावणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की शेतातून सपाट वॉर्म-अप, मग खडा चढ, मग कातळाला धरून आडवी पायवाट आणि शेवटी उतार असा क्रम आयता मिळतो. वेगळं हिल रिपीट (एकच चढ पुन्हा पुन्हा धावणं) आखायची गरजच उरत नाही. पेस मात्र विसरायचा. मी घड्याळावर आता फक्त हार्ट रेट आणि एकूण चढाई एवढंच ठेवलंय, किलोमीटरची बीप बंद.

लेण्याद्री सगळ्यात सोपं. जुन्नरहून पाचेक किलोमीटर, रस्ता चांगला, वाटेत कुकडी नदी ओलांडायची. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. उजाडल्या उजाडल्या गेलात तर सलग चढता येतात. नंतर भाविकांची रांग लागते आणि त्यांच्यामधून धापा टाकत धावणं बरं दिसत नाही. अष्टविनायकातला गिरिजात्मज सातव्या लेण्यात आहे, म्हणजे मुळात हा बौद्ध विहार, भिक्षूंचं निवासस्थान. एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब नाही. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत याने ते दान दिल्याचा लेख तिथे आहे. कल्याणचा माणूस इथे दान देतो यावरून नाणेघाटाची वाट किती वाहती होती ते कळतं. माकडांची मात्र काळजी घ्या. एनर्जी जेलचं पाकीट हातात दिसलं की ते तुमचं राहत नाही.

मानमोडी माझा सगळ्यात आवडता मार्ग. गावाच्या दक्षिणेला, जवळच. भीमाशंकर, अंबिका आणि भूतलिंग हे तीन गट एकाच डोंगराच्या अंगावर आहेत आणि त्यांना जोडणारी पायवाट जेमतेम एका माणसाची. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला घसारा. घोट्यांची ताकद वाढवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. पावलं आखूड टाकायची, नजर तीन-चार पावलं पुढे, आणि मुरूम दिसला की टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवायचा.

भूतलिंग गटापाशी मी घड्याळ थांबवतो. तिथल्या चैत्याच्या दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्या कोरल्यात, मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी आणि बाजूच्या पाकळ्यांत हत्ती. हा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीकाने) दान दिला असा लेख आहे. भीमाशंकर गटात नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा, 46 व्या वर्षाचा लेख आहे. त्याने पाण्याची पोढी (टाकं) आणि मंडप करून दिला. दम खाताना वाचायला एवढा ऐवज पुरे. बऱ्याच लेण्यांच्या कपाळावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, मोठा आवाज, स्पीकरवरची गाणी, यातलं काहीही नको. लेण्यांच्या आत धावायचं नाही आणि भिंतीला पाय लावून स्ट्रेचिंग तर अजिबात नाही, हे खरं तर सांगावं लागू नये.

तुळजा लेणी पश्चिमेला, पाडळीच्या बाजूला. अंतर फार नाही, पण शेवटचा चढ पोटऱ्या काढतो. मोसमाच्या सुरुवातीला इथे माझा हार्ट रेट 170 च्या घरात जायचा आणि मी चालायला लागायचो. आता 155 ला धरून, हळू का होईना, धावतच वर पोचतो. बक्षीस म्हणून ते गोल चैत्यगृह आहे. बारा अष्टकोनी खांब गोलात उभे, मधे स्तूप आणि वर घुमट. खांबांवर नक्षी म्हणून काही नाही. त्या साधेपणामुळेच मला ते लेण्याद्रीपेक्षा सरस वाटतं. यावर वाद घालायला मी तयार आहे.

शिवनेरीबद्दल थोडक्यात: सात दरवाज्यांची वाट धावायला ठीक, साखळीची वाट धावायची नाही, आणि 19 फेब्रुवारीच्या आगेमागे तिकडे फिरकू नका.

आता बिबट्या. हा विनोदाचा विषय नाही. या पट्ट्यात ऊस भरपूर आणि उसात बिबटे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, त्यावरूनच परिस्थितीचा अंदाज यावा. माझे नियम ठरलेले आहेत: पूर्ण उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या अरुंद वाटेने एकटं जायचं नाही, कानात इअरफोन नाहीत, आणि बुटाची नाडी बांधायची तर उसाच्या कडेला खाली न बसता मोकळ्या जागी जाऊन बांधायची. संध्याकाळचे रन मी या भागात बंदच केलेत.

आणि नाणेघाट. जुन्नरहून तीसेक किलोमीटर, आपटाळे, चावंड, घाटघर करत. जुन्नर आणि घाटमाथा यांच्या उंचीत फार फरक नाही, पण मधला रस्ता सतत वर-खाली करत राहतो आणि पश्चिमेचा वारा सुटला तर थेट तोंडावर. हार्ट रेट 145 च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवून निघालो होतो, चढांवर चाललो, आणि म्हणूनच घाटघरनंतरही पाय शाबूत होते. चावंडच्या पुढे पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ आहे. कुकडी याच बाजूला उगम पावते. तिथे सावलीत बसून मीठ-लिंबाचं पाणी प्यायलो. त्यापुढे ऊस संपतो, भातखाचरं आणि हिरड्याची झाडं सुरू होतात. डावीकडे जीवधन आणि त्याला लागून वानरलिंगी सुळका दिसला की आलंच म्हणायचं. पाणी मात्र जुन्नरहूनच दोन लिटर घेऊन निघा, टाक्यांच्या भरवशावर नको.

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. इथे जकात जमा होत असे असं मानतात. खिंडीतून थोडं उतरलं की गुहा. आत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख, त्यात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण नाण्यांची यादी. आकडे शब्दांत नाहीत, अंकांत आहेत, आणि भारतातल्या अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी घराण्यातल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. खालच्या मूर्तींची फक्त पावलं उरलीत. मी बूट काढून माझी तळव्याला आलेली फोडं तपासत बसलो होतो आणि समोर ही पावलं. हसूच आलं.

घाटातल्या फरसबंदीबद्दल लिहायलाच हवं. थोडं खाली उतरून पुन्हा चढून पाहिलं. ओझ्याच्या जनावरांना झेपावी अशी ही वाट, त्यामुळे चढ कुठे एकदम अंगावर येत नाही. पण दगड झिजून गुळगुळीत झालेत. कोरड्यात ट्रेल शूज धरतात, ओल्यात कुठलाही सोल धरत नाही. पावसाळ्यात वर उलट्या धबधब्याला गर्दी असते, तेव्हा उतरायचा नाद नको.

पुढचा बेत कोकणाच्या बाजूने, वैशाखरेहून खालून वर यायचा, दिवाळीनंतर दगड वाळले की. तोपर्यंत उन्हाळाभर मानमोडीचा घसारा आणि तुळजाचा चढ, आठवड्याआड. सोबत यायचं असेल त्यांनी चढापेक्षा उताराचा सराव जास्त करून यावा, कारण परत त्याच घाटाने उतरायचं आहे आणि मांड्या तिथेच भरून येतात.