आमची वाटचाल : यादी मोडली नाही

२०२१ ते २०२३ या काळात ज्यांनी रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर बसवलेला स्वस्त कॉम्प्युटर, विकायचा धंदा केला, त्यांना मी नवीन काही सांगणार नाही. पण आमच्याबद्दल 'त्यांच्याकडे कधी मालच नसायचा' असं अजूनही बोललं जातं, आणि तेही आमच्याच जुन्या गिऱ्हाइकांकडून. माल का नव्हता आणि दुसऱ्यांकडे कसा होता, हे एकदा लिहून ठेवायला हवं होतं.

टंचाई आम्हाला नवी नव्हती. हा बोर्ड आला तोच टंचाई घेऊन. २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्री सुरू झाली आणि परवाना असलेल्या दोन्ही वितरकांच्या साइट पहिल्याच सकाळी कोलमडल्या. पहिली खेप होती दहा हजारांची. त्यात कारखान्याने इथरनेटचा जॅक चुकीचा बसवला; आत मॅग्नेटिक्स (छोटे ट्रान्सफॉर्मर) असलेला हवा होता, बसवला साधा. ते जॅक बदलेपर्यंत वेळ गेला, मग वितरकांनी सीई मार्क (युरोपात विक्रीसाठी लागणारी खूण) असल्याशिवाय माल पाठवणार नाही म्हणून सांगितलं. बोर्ड लोकांच्या हातात पडायला एप्रिल उजाडला, आणि माणशी एकच ही अट जुलैपर्यंत होती.

माझा भागीदार आणि मी, दोघांनीही नंबर लावला होता. वाट बघत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बोर्डाची मापं जाहीर झाली होती, त्यावरून त्याने बोर्ड ठेवायच्या केस, म्हणजे डब्या, कापायला घेतल्या. त्याच्याकडे ४० वॉटचा सीओटू लेझर कटर होता, पाण्यावर थंड होणारा, आणि त्या मशीनइतकं लहरी यंत्र मी पाहिलेलं नाही. तीन आरसे जुळवायचे म्हणजे प्रत्येक आरशापुढे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा, एक ठिपका मारायचा, लेझरचं हेड टेबलाच्या चार कोपऱ्यांत फिरवून तोच ठिपका तिथेच पडतो का बघायचं. भागीदार हे काम रोज सकाळी करायचा, गरज असो नसो. तीन मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक, किरणाच्या जाडीची भरपाई धरून काढलेल्या खाचा, स्क्रू नाही, गोंद नाही, नुसती दाबून बसणारी केस. आमच्याकडे बोर्ड एकही नव्हता तेव्हा आम्ही केस विकत होतो, आणि बोर्ड आले तेव्हा त्या बसल्या. आमची फर्म त्या केसवर उभी राहिली.

पुढची वर्षं बरी गेली. बी-प्लस हे नवं मॉडेल आलं, बोर्डावरच्या २६ पिनांच्या ४० झाल्या, केस नव्याने कापाव्या लागल्या. शाळा-कॉलेजांना संच देऊ लागलो. भागीदार नोकरीत गेला, मशीन मात्र माझ्याकडेच ठेवून गेला.

आता २०२१ कडे येतो. साथीच्या काळात वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, घरून काम करणाऱ्यांची मागणी फुगली, मग वाहन कंपन्या परत आल्या आणि सगळेच त्याच फाउंड्रींच्या, म्हणजे चिप बनवून देणाऱ्या कारखान्यांच्या, दारात उभे राहिले. पायच्या बाबतीत सगळ्यात मोठा फटका बसला तो ४० नॅनोमीटर या जुन्या प्रक्रियेवर बनणाऱ्या चिपना, म्हणजे झिरो हा सगळ्यात छोटा पाय आणि पाय ३ यांना. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने जे जाहीर केलं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असेल: ४० नॅनोमीटरचं जेवढं सिलिकॉन आहे ते आधी कॉम्प्युट मॉड्युल ३ (उद्योगांच्या यंत्रांत बसवायचा पाय) आणि पाय ३बी ला, पाय ३बी-प्लस मागे, आणि २ जीबीचा पाय ४, जो ३५ डॉलरवर आणला होता, तो पुन्हा ४५ वर. पायची किंमत वर जाण्याची ती पहिलीच वेळ.

आमच्या शाळांच्या संचांत नेमका तोच २ जीबीचा पाय ४ होता. भाव जुन्या किमतीवर दिलेले, अ‍ॅडव्हान्स घेतलेले. केस कापून तयार, पॉवर सप्लाय, एसडी कार्ड, सेन्सर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर, सगळं खोक्यांत भरून कप्प्यांत मांडलेलं, आणि प्रत्येक खोक्यात मध्ये बोर्डाएवढी जागा रिकामी. खर्च पूर्ण झालेला आणि बिल करता येत नाही, अशी ती अवस्था.

आमचा घाऊक विक्रेता तारीख द्यायचा. ती तारीख आली की नवी तारीख यायची. आम्ही लेखी मागितलं की 'अंदाजे' हा शब्द घालून यायचं. एक वेळ अशी आली की आमची जुनी ऑर्डर ओळीतूनच काढून टाकली आणि नव्या दराने पुन्हा ऑर्डर टाका म्हणून निरोप आला. म्हणजे इतके महिने धरलेला नंबर गेला. त्या लोकांशी आमचा अनेक वर्षांचा व्यवहार होता, एकही बिल थकवलेलं नव्हतं. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

एप्रिल २०२२ मध्ये कंपनीचे प्रमुख एबेन अप्टन यांनी चित्र स्पष्ट केलं. महिन्याला पाच लाखांच्या आसपास बोर्ड बनत होते, आणि त्यातले आधी जात होते ते ज्यांची उत्पादनं पायवर उभी होती अशा उद्योगांना. एकेक बोर्ड घेणाऱ्यांसाठी थोडा भाग राखलेला. त्या निर्णयावर छंदिष्ट मंडळी चिडली होती. मी चिडलो नाही. पायवर मशीन बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला बोर्ड मिळाला नाही तर तो बंद पडतो, छंदिष्टाचा प्रकल्प सहा महिने पुढे जातो. माझं दुखणं वेगळं होतं. तो जो थोडा भाग दुकानांत यायचा, तो जायचा कुठे?

तो जायचा आमच्या प्रतिस्पर्ध्यासारख्यांकडे. नाव घेत नाही. हा माणूस आधी आमच्याकडूनच केस घाऊक घ्यायचा. टंचाई सुरू झाली तशी त्याने स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्राम, लावली. कुठल्याही अधिकृत दुकानात स्टॉक दिसला की काही सेकंदांत वेगवेगळ्या नावांनी ऑर्डर पडायच्या. मग तेच बोर्ड त्याच्याकडे 'कॉम्बो'मध्ये: पंखा घ्या, नको असलेली केस घ्या, नको असलेलं कार्ड घ्या, तरच बोर्ड. सुटा हवा असेल तर भाव तो म्हणेल तो. ३५-४५ डॉलरचा बोर्ड खुल्या बाजारात शंभर डॉलरच्या पुढे गेला होता, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, 'निदान त्यांच्याकडे मिळतो तरी.'

एक मुलगा त्याच्याकडून घेतलेला पाय ४ आमच्याकडे घेऊन आला. लॅपटॉपच्या चार्जरवर चालूच होत नाही, अशी तक्रार. मी भिंग लावलं. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर हीटसिंकच्या चिकटपट्टीचा चौकोन उमटलेला, एसडी कार्डाच्या खाचेच्या पिनांवर ओरखडे. साध्या सप्लायवर चालू करून रिव्हिजन कोड, म्हणजे बोर्डाची आवृत्ती सांगणारा आकडा, वाचला: बी०३१११. म्हणजे आवृत्ती १.१, २०१९ च्या पहिल्या काळातला बोर्ड, ज्याच्या यूएसबी-सीच्या रेझिस्टरची जोडणी चुकलेली आणि जो ई-मार्क असलेल्या, म्हणजे आत ओळख सांगणारी चिप असलेल्या, केबलवर सुरूच होत नाही. कुठल्या तरी यंत्रातून उपसलेला जुना बोर्ड दुप्पट पैशाला 'नवा' म्हणून विकला होता. मुलाने पैसे कसे साठवले होते ते त्याने सांगितलं आणि मला त्या दिवशी दुसरं काम सुचलं नाही.

तेव्हा मला अनेकांनी सल्ला दिला की तुम्हीही तेच करा. आमच्याकडेही अधूनमधून पाच-दहा बोर्ड येत होते. ते खुल्या बाजारात टाकले असते तर त्या महिन्याचे पगार निघाले असते. पण ते बोर्ड यादीतल्या पहिल्या माणसाला गेले, मग दुसऱ्याला. ठरलेल्या भावात. ज्याने आधी पैसे भरले त्याला आधी, मग तो एक बोर्ड घेणारा विद्यार्थी असो की संस्थेचा खरेदी विभाग. मोठ्या गिऱ्हाइकांचे फोन आले, ओळखी निघाल्या, काहींनी संबंध तोडले. यादी हलली नाही.

गिऱ्हाइकांचे अ‍ॅडव्हान्स आम्ही पहिल्यापासून वेगळ्या खात्यात ठेवतो, त्यातून पगार नाही, भाडं नाही. त्यामुळे ज्याने परत मागितले त्याला परत मिळाले. पण त्यामुळेच हातात काही उरलं नाही. लेझर कटर विकावा लागला. भागीदाराला फोन केला, मशीन त्याचंच होतं. तो म्हणाला, 'विक, पण आरसे जुळवून दे. घेणाऱ्याला शिव्या द्यायला जागा ठेवू नकोस.' संध्याकाळी नोकरीवरून सुटून तो स्वतः आला आणि टेपचे तुकडे लावत बसला. मशीन गेलं, त्या पैशात दोन महिने निघाले.

यातून बाहेर काढलं ते एका शिक्षकांनी. हे सर आमच्याकडून अगदी सुरुवातीपासून बोर्ड घेत होते, भाव कधी पाडून मागितला नाही, पण प्रत्येक बोर्ड आमच्यासमोर तपासून न्यायचे. त्यांच्या शाळेची ऑर्डर यादीत अडकलेली होती. मी पैसे परत देतो म्हणून फोन केला तर म्हणाले, 'अहो, पैसे घेऊन मी काय करू? मुलं पुढच्या वर्गात जातील, ती बोर्डाची वाट बघत थांबणार नाहीत. पिको आहे का तुमच्याकडे?'

पिको होता. तो त्याच कंपनीचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, जानेवारी २०२१ ला ४ डॉलरला आलेला, आणि त्याच्या आरपी२०४० चिपची कधी टंचाईच झाली नाही. तीही ४० नॅनोमीटरचीच, पण इतकी लहान की सिलिकॉनच्या एका वेफरमधून (चकतीतून) वीस हजारांवर चिप निघतात. आम्ही पिकोला तोवर किरकोळ माल समजत होतो. सरांनी सगळे धडे त्यावर बसवले. लिनक्स नाही, पडदा नाही, २६४ किलोबाइट रॅम. पण त्यावरचं बूटसेल नावाचं बटण दाबून केबल लावली की पेनड्राइव्हसारखा उघडतो, मायक्रोपायथनची (छोट्या चिपसाठीच्या पायथन भाषेची) फाइल आत टाकली की काम सुरू. आणि पायला नसलेली गोष्ट त्याला आहे: अ‍ॅनालॉग इनपुट. मातीचा ओलावा मोजायला पायला वेगळी एडीसी चिप (अ‍ॅनालॉगचं आकड्यांत रूपांतर करणारी) लागते, पिकोला नाही. सर म्हणाले, सेन्सर शिकवायला हाच आधी हवा होता. त्यांनी धड्यांची कागदपत्रं आम्हाला दिली, मोबदला घेतला नाही, आणि आम्ही कप्प्यातले तेच खोके उघडून त्यातल्या रिकाम्या जागी पिको बसवले. सेन्सर तेच, वायरी त्याच. इतर शाळांनाही तसंच कळवलं. ज्यांना पायच हवा त्यांचं नाव यादीत तसंच राहिलं, बाकीच्यांची बिलं झाली.

डिसेंबर २०२२ ला एकेकट्या गिऱ्हाइकांसाठी एक लाख बोर्ड सोडल्याची बातमी आली. त्याच वेळी झिरो ५ वरून १० डॉलरवर गेला, त्याबद्दल लोक कुरकुरले. मला मिळतोय याचंच समाधान होतं. २०२३ मध्ये पुरवठा पूर्ववत होत गेला आणि आम्ही यादी शेवटच्या नावापर्यंत नेली. दोन-तीन जण म्हणाले की आम्ही कधीच दुसरीकडून घेतला, त्यांना पैसे परत केले. बाकी सगळ्यांना बोर्ड दिले, ज्या भावात कबूल केले होते त्या भावात. फरक आम्ही सोसला.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. एकाच बोर्डाभोवती संच बांधू नका. धडा असा लिहा की बोर्ड बदलला तरी सेन्सर आणि वायरी कामी याव्यात. घाऊकवाल्याने दिलेली तारीख गिऱ्हाइकाला जशीच्या तशी सांगू नका, त्याच्याकडचा माल निघाल्याची पावती आल्यावरच सांगा. झिरोला हेडर, म्हणजे पिनांची पट्टी, आधीच डाखून (सोल्डर करून) ठेवू नका, अर्ध्यांना नको असतो. आणि प्रत्येक बोर्ड चालवून द्या. आम्ही जुन्या मॉडेल बी च्या काळात मल्टिमीटरच्या टोकांनी बोर्डावरच्या टीपी१ आणि टीपी२ या तपासणीच्या ठिपक्यांमधला विजेचा दाब मोजायचो, ४.७५ व्होल्टच्या खाली गेला की सप्लाय बाद. आता पायच सांगतो, पडद्यावर विजेची खूण येते, पण लोक ती बघून न बघितल्यासारखं करतात आणि मग बोर्ड वाईट म्हणतात. निम्म्या तक्रारी स्वस्त चार्जरच्या आणि बारीक तारेच्या केबलच्या असतात.

पाय ५ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हाही सुरुवातीला माल कमी होता, तेव्हाही यादी लावली, तेव्हाही मधूनच घुसू पाहणारे होते.

तो प्रतिस्पर्धी आता बोर्ड ठेवत नाही. भाव उतरल्यावर त्याच्याकडे चढ्या दराचा माल पडून राहिला असं ऐकलं. त्याच्याकडून घेतलेले बोर्ड दुरुस्तीला मात्र आमच्याकडे येतात. आम्ही ते घेतो. अट एकच आहे: आधी गिऱ्हाइकासमोर रिव्हिजन कोड वाचायचा, तो पावतीवर लिहायचा, आणि बोर्ड कुठल्या वर्षीचा आहे ते त्याला सांगायचं. मग दुरुस्तीचं बोलायचं.