सेकिगाहाराची निशाणं, हिकोनेची लाल चिलखतं

सेकिगाहारा हे डोंगरांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यातलं छोटं गाव, भोवती भातशेती. 21 ऑक्टोबर 1600 रोजी इथल्या एका दिवसाच्या लढाईत तोकुगावा इएयासु जिंकला आणि पुढची अडीचशे वर्षं जपान त्याच्या घराण्याकडे राहिला. नागोयाहून ओगाकीमार्गे साध्या गाडीने इथे येता येतं. सरदारांच्या छावण्यांच्या जागी त्यांची निशाणं उभारली आहेत, त्यामुळे पायी हिंडतानाच लढाईची मांडणी ध्यानात येते.

मी आधी सासाओयामाची टेकडी चढलो. ही हरलेल्या इशिदा मित्सुनारीची जागा. त्याच्या निशाणावर सहा अक्षरं आहेत. एकाने सर्वांसाठी आणि सर्वांनी एकासाठी झटावं, म्हणजे सगळ्यांचं भलं होईल, असा त्यांचा अर्थ लावतात. दक्षिणेला मात्सुओ डोंगर. तिथे तळ दिलेला त्याच्याच बाजूचा कोबायाकावा हिदेआकी ऐन लढाईत उलटला आणि त्याच्या माणसांवर चालून आला. ती सहा अक्षरं वाचून त्या डोंगराकडे बघवत नाही. हरलेल्याचं निशाण गावाने इतक्या मायेनं जपलंय, याबद्दल मला या गावाविषयी फार आदर वाटतो.

इएयासुच्या निशाणावर बौद्ध वचन होतं: हे मलिन जग सोडावं, शुद्धभूमीची आस धरावी. 1560 मध्ये ओकेहाझामाच्या पराभवानंतर तो जीव द्यायला निघाला होता, तेव्हा ओकाझाकीच्या दाइजुजी मंदिरातल्या भिक्षूने त्याला या वचनाने सावरलं, असं सांगतात. सानादा घराण्याच्या निशाणावर सहा नाणी असत. मेल्यावर सान्झु नदी ओलांडायची, तिच्या नावेचं हे भाडं. म्हणजे मरणाची तयारी करूनच रणात उतरायचं! त्याआधीच्या पिढीतल्या उएसुगी केन्शिनने बिशामोनचं अक्षर मिरवलं. हा बिशामोन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. तिकडे तो योद्ध्यांचा देव झाला.

या मोठ्या निशाणांना वरून आडवी काठी असते, म्हणून वारा पडला तरी कापड ताणलेलं राहतं आणि लांबून वाचता येतं. साध्या शिपायाच्याही पाठीवर, चिलखतात खोचलेलं छोटं निशाण असे, साशिमोनो. आपला कोण आणि परका कोण हे त्यावरून कळे, शिवाय कुणी काय पराक्रम केला हेही. बक्षिसी त्यावरच ठरायची.

माइबाराला गाडी बदलून दुपारी हिकोनेला गेलो. किल्ल्याच्या संग्रहालयात इई घराण्याची चिलखतं आहेत: लाखेनं नखशिखान्त लाल, धन्याच्या शिरस्त्राणावर सोनेरी उंच शिंगं. ताकेदा घराणं बुडाल्यावर त्याचे योद्धे इएयासुचा सरदार इई नाओमासा याच्याकडे आले आणि त्यांच्यासोबत हा लाल रंगही. सगळी फौजच लाल! एवढा उठून दिसणारा माणूस लपणार कुठे? सेकिगाहाराला माघार घेणाऱ्या शिमाझुंचा पाठलाग करताना नाओमासाला गोळी लागली आणि 1602 मध्ये तो गेला. तरीही त्याच्या वंशजांनी रंग बदलला नाही. पुढे लढाया थांबल्या, तरी पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक धन्यासाठी नवं लाल चिलखत घडतच राहिलं.