नळीतला बुडबुडा
आज गावाच्या माळावर सलग समतल चरांची, म्हणजे पाणी अडवायला उतारावर एकाच पातळीत खोदायच्या चरांची, आखणी झाली. ही पातळी बघायचं साधन हायड्रोमार्कर म्हणजे आकडे असलेल्या दोन पट्ट्या आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, एवढंच. पण नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते. चर एकीकडे उतरतो, पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी त्या टोकाला धावतं आणि भराव फुटतो. म्हणून आधी दोन्ही पट्ट्या शेजारी उभ्या करा, पाणी एकाच आकड्यावर येतंय का बघा. खोदलेली माती उताराच्या खालच्या अंगालाच टाका.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी! हिवरे बाजार गावात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि किती लागेल याचा हिशोब, मांडूनच पिकं ठरतात. ऑक्टोबरात विहिरी मोजून आपल्याही ग्रामसभेत तो मांडूया, रब्बीचं बियाणं आणायच्या आधी.